फुकटाचे पन्नास रुपये

परभणीच्या बसस्टँडमधून बाहेर पडा आणि कुठल्याही रस्त्याला लागा. जिंतूर रोड घ्या, वसमत रोड घ्या, नाहीतर सरळ नानलपेठेत शिरा. शंभर पावलांच्या आत ते दुकान येतंच. दुकानाला नाव असतं, पण ते आजवर कुणी वाचलेलं नाही. नावाखालचा मजकूर वाचता वाचताच माणूस पुढच्या चौकात पोचतो. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, पॅन कार्ड, सातबारा, आठ-अ, फेरफार, पीकविमा, उत्पन्न, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर, रेल्वे तिकीट, लाईट बिल, पोलीस भरती, जुनी पेन्शन, नवी सून (म्हणजे रेशनकार्डात तिचं नाव वाढवणे). एवढं लिहूनही बोर्डाचा एक कोपरा उरतो. तिथं पेंटरनं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'येथे सर्व शासकीय योजनांचे मोफत फॉर्म भरून मिळतील.' आणि आत काऊंटरच्या काचेखाली, वहीच्या फाडलेल्या पानावर, स्केचपेननं : 'फॉर्म ५० रु. उधारी बंद.'

या दोन ओळींचं आपसात पटत नाही, असं परभणीत कुणाला वाटत नाही. मलाही आता वाटत नाही. फॉर्म मोफतच आहे. फॉर्मचे पैसे घेणं गुन्हा आहे, आणि इथं गुन्हा कुणी करत नाही. पन्नास रुपये आहेत ते भरण्याचे. ज्याला स्वतः भरता येतो त्यानं भरावा, कुणी त्याचा हात धरलेला नाही. हात धरतात तो दुसऱ्यांचा, अंगठ्यासकट, आणि पन्नास त्यांच्याकडून घेतात.

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं आम्ही म्हणतो. का म्हणतो ते जर्मनीला अजून कळलेलं नाही. पण फुकटची वस्तू विकत घेण्यात आमचा हात धरणारं जर्मनीतही कुणी नसणार, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

सातबाऱ्याचंच बघा. महाभूलेखवर सातबारा नुसता बघायचा तर एक पैसा लागत नाही. डिजिटल सहीचा, म्हणजे कचेरीत चालणारा पाहिजे असेल तर पंधरा रुपये. पूर्वी तलाठी ज्या गावचा असेल त्या गावात नसायचा. त्यामानानं ही रामराज्याची अवस्था. घरबसल्या सातबारा. आमच्याकडेही तो घरबसल्याच मिळतो, फक्त घर दुकानदाराचं असतं आणि रुपये चाळीस असतात. नुसता बघायचा असला तरी लोक तिथंच जातात. काहीजण तर दर पंधरा दिवसांनी काढून बघतात. जमीन जागेवर आहे का, एवढंच.

२०२३ च्या खरिपात सरकारनं एक रुपयात पीकविमा आणला. शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा, त्याच्या वाटणीचा उरलेला हप्ता सरकार भरणार, आणि अर्ज भरून देणाऱ्या केंद्राला दर अर्जामागे चाळीस रुपये विमा कंपनी देणार. म्हणजे अर्ज भरायची मजुरीसुद्धा आधीच चुकती केलेली. एवढी बिनखर्चाची गोष्ट आमच्या लोकांना पचणं अवघड होतं. जुलै उजाडला की अधिकारी वर्तमानपत्रातून बजावायचे, एक रुपयापेक्षा जास्त देऊ नका, कुणी मागितले तर तक्रार करा. आता ते वर्तमानपत्र यायचं कुठं, तर केंद्रावर. रांगेतला एखादा शिकलेला पोरगा ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवायचा. बाकीचे माना डोलवायचे, 'बराबर हाय' म्हणायचे, केंद्रवालाही 'बराबर हाय' म्हणायचा, आणि नंबर लागला की जो तो शंभराची नोट काढायचा. नव्याण्णव रुपये परत मागण्याइतका कोडगेपणा या जिल्ह्यात नाही. २०२५ मध्ये ती योजना बंद झाली आणि खरिपाला दोन टक्के हप्ता पुन्हा आला. रुपया गेला. शंभराची नोट तिच्या जागी आहे.

पण हे सगळं अलीकडचं. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे स्टॅम्पपेपर. १ जुलै २००४ ला राज्य सरकारनं अधिसूचना काढली, की जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा असल्या दाखल्यांसाठी सरकारी कचेरीत जे प्रतिज्ञापत्र द्यायचं, त्याला मुद्रांक शुल्क माफ. कोऱ्या कागदावर लिहा, सही करा, द्या. त्या वर्षी जन्मलेल्या पोरींची आता लग्नं झाली, त्यांच्या लेकरांचे दाखले काढायची वेळ आली, तरी आमचे लोक शंभराचा स्टॅम्प घेऊनच तहसीलची पायरी चढत होते. स्टॅम्पव्हेंडरच्या टेबलापुढं जून महिन्यात जी गर्दी होते, ती बघून बाहेरगावच्या माणसाला वाटावं, इथं काहीतरी वाटप चालू आहे. मग २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये किमान मुद्रांक शंभरावरून पाचशेवर गेला आणि लोक खवळले. जे शुल्क द्यायचंच नव्हतं ते पाचपट झालं, म्हणून खवळले. शेवटी महसूलमंत्र्यांना पुन्हा सांगावं लागलं, की बाबांनो, हे माफ आहे.

माफ आहे हे सांगणं सोपं. ते टेबलापलीकडच्या माणसाला पटलं पाहिजे ना. कोरा कागद बघितला की टेबलापलीकडचा माणूस अस्वस्थ होतो. त्याला त्या कागदाला काहीतरी कमी असल्यासारखं वाटतं, उघड्या डोक्यानं देवळात आल्यासारखं.

"स्टॅम्प कुठंय?"

"साहेब, माफ हाय म्हणं."

"कुणी केलं माफ?"

"सरकारनं."

"मग सरकारकडं घेऊन जा."

हा संवाद मी ऐकला तो कुठल्या कचेरीत, ते सांगत नाही. तुम्ही ज्या कचेरीत ऐकलात तीच समजा.

आधार कार्डाचा किस्सा तर याहून गोड आहे. पोस्टानं घरी आलेलं कागदी आधार, संगणकावरून उतरवून छापलेलं आधार आणि मोबाईलमधलं आधार, तिन्ही सारखीच चालतात. तरी लोकांना ते प्लास्टिकचं, एटीएम कार्डासारखं, खिशात खडखडणारं हवं होतं. २०१८ साली आधार प्राधिकरणानं जाहीर केलं की 'स्मार्ट कार्ड' म्हणून पन्नासापासून तीनशे रुपयांपर्यंत उकळले जात आहेत, त्याची काही गरज नाही, उलट असल्या छपाईत क्यूआर कोड बिघडतो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कार्ड करून घेतलं. २०२० मध्ये प्राधिकरणानंच हात टेकले आणि स्वतःचं प्लास्टिकचं कार्ड काढलं, पन्नास रुपयांत. लोकशाहीत शेवटी जनतेचं ऐकावं लागतं ते असं.

माझा भाचा पुण्याला हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या खानदानात फुकट या विषयाचा अभ्यास केलेला तो एकटाच. भाऊबीजेला मी पालम तालुक्यात बहिणीच्या गावी गेलो होतो. जेवणं झाली आणि दाजी म्हणाले, उद्या पालमला जाऊन पीएम किसानचं केवायसी करून येतो, पन्नास रुपये घेतेत. भाच्यानं सुपारी फोडता फोडता अडकित्ता खाली ठेवला.

"आप्पा, ते फुकट आहे. पोर्टलवर आधार नंबर टाकायचा, ओटीपी येतो, झालं. दोन मिनिटं."

सॉफ्टवेअरवाल्यांची दोन मिनिटं आणि कीर्तनकारांची दोन मिनिटं मोजायचं घड्याळ अजून निघालेलं नाही. त्यानं मोबाईल काढला, आधार नंबर टाकला. पोर्टलनं सांगितलं, ओटीपी पाठवला आहे. कुठल्या नंबरवर, तर शेवटचे चार आकडे दाखवले. ते चार आकडे घरात कुणाच्याच ओळखीचे नव्हते. मग पंचनामा सुरू झाला. बहिणीनं तिचा नंबर सांगितला, तो नव्हता. शेजारच्या काकूंना बोलावलं, कारण कधीतरी त्यांचा नंबर दिल्याचं आठवत होतं, तोही नव्हता. शेवटी दाजींचे धाकटे भाऊ घोंगडीतून उठून आले आणि आकडे बघून म्हणाले, "हे तर मपलं जुनं सिम." आधार काढलं त्या काळात सगळ्या वाड्यात एकच मोबाईल होता, तो त्यांचा. मग २०१६ साली जिओचं सिम फुकट वाटायला लागले, तवा यांनी जुनं फेकून दिलं.

म्हणजे सिम फुकट मिळालं म्हणून केवायसी फुकट होईना. भाच्याला त्या रात्री पहिल्यांदा घाम फुटलेला मी पाहिला.

पण पोरगं जिद्दीचं. २०२३ पासून चेहऱ्यावरूनही केवायसी करता येतं, त्याचं ॲप आहे, तेही फुकट. ॲप उतरवलं. त्या ॲपनं सांगितलं की मला आणखी एक ॲप लागतं. तेही उतरवलं. वाड्यात रेंज नव्हती म्हणून सगळी मंडळी माळवदावर. दाजींना खुर्चीवर बसवलं, तोंडावर बॅटरी मारली. ॲप म्हणालं, डोळे मिचकावा. दाजींना आयुष्यात कुणी डोळे मिचकावायला सांगितलेलं नव्हतं, तेही बायको, मेहुणा आणि शेजारच्या काकूंसमोर. त्यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले, ते उघडायलाच तयार होईनात. ॲप म्हणालं, चेहरा जुळत नाही. टोपी काढली. चेहरा जुळत नाही. बहीण म्हणाली, मोतीबिंदूच्या आधीचा फोटो हाय तो, कसा जुळंल? खालून म्हातारी ओरडली, अरे रात्रीचं माळवदावर काय करायलेत रे एवढे जण? तेवढ्यात रेंज गेली आणि कार्यक्रम संपला.

दुसऱ्या दिवशी पालम. केंद्रवाला माझा जुना विद्यार्थी निघाला. गणितात बेताचा होता, आणि ते त्याच्या दरपत्रकात कुठं दिसत नव्हतं. मला बघून उठून उभा राहिला, पाया पडला, चहा सांगितला. मग दाजींकडं वळला.

"काका, सर्व्हर चालंना गेलंय. बसा जरा."

लोक बसले होतेच. तिथं बसायला येण्यासाठीसुद्धा काहीजण येत असावेत असा मला दाट संशय आहे. एका म्हाताऱ्याच्या पिशवीत आजवरच्या सगळ्या पावत्या होत्या, सुतळीनं बांधलेल्या, २०१९ पासूनच्या. भाचा त्याला डिजिलॉकर समजावून सांगत होता. कागद हरवायची भीती नाही, आणि तिथला कागद २०१७ पासून कायद्यानं मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे, वगैरे. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्याची झेरॉक्स कुठं काढायची?" प्रश्न बिनतोड होता. मोबाईलमधला कागद मूळ मानायला कचेरी तयार असते, पण फाईलला जोडायला तिला त्याची छापील प्रत लागते, आणि त्या प्रतीवर 'खरी नक्कल' म्हणून सही.

अकराच्या सुमाराला सर्व्हर आलं. यंत्रावर दाजींचा अंगठा ठेवला. नाही. पुन्हा. नाही. केंद्रवाल्यानं ओलं फडकं घेतलं, दाजींचा हात मांडीवर घेतला आणि लेकराचे हात पुसावेत तसं एकेक बोट पुसलं. कापूस वेचून आणि ऊस तोडून बोटांवरच्या रेघा कधीच्या गुळगुळीत झालेल्या. मग म्हणाला, "काका, टोपी काढा. बोट डोस्क्यावरून फिरवा." दाजींनी केसांतून बोट फिरवलं. तेल लागलं. हे कुठल्याही पोर्टलच्या मदत-पानावर लिहिलेलं नाही. उजव्या हाताची सगळी बोटं झाली, डाव्या हाताची सुरू झाली, आणि करंगळीशेजारच्या बोटाला यंत्रानं हिरवा दिवा दाखवला. रांगेतल्या लोकांनी "झालं, झालं" म्हणून असा आवाज केला की जशी काही पोराला नोकरीच लागली.

भाच्यानं पाकीट काढलं, पण त्याच्यातला अभ्यासक जागा होता. "अंगठ्याच्या केवायसीचा सरकारी दर पंधरा रुपये आहे," तो म्हणाला.

"हाय ना दादा. पंधरा रुपये एका बोटाचे. आपण नऊ केले."

हिशेबानं एकशे पस्तीस होत होते. पन्नासात सोडलं हे माझ्या शिकवण्याचं फळ असावं.

मी त्याला नंतर बाजूला घेऊन विचारलं, की बाबा, फुकटचे पैसे घेताना लोक काही म्हणत नाहीत का? तो म्हणाला, "सर, लोक पैसे त्याचे देतच न्हाईत. समजा फुकट झालं आन् हप्ता न्हाई आला, तर काका कुणाची गचांडी धरतील? पोर्टलची? पन्नास दिलेले असले की सकाळी आठला शटर उघडायच्या आधी माझ्या दारात उभे राहतेत. पन्नास रुपये म्हणजे मला शिव्या द्यायचा पास हाय सर. वर्षभर चालतोय."

मला या पोराला गणितात काठावर पास केल्याचं वाईट वाटायला लागलं. कारण त्यानं जे सांगितलं ते अमेरिकेतल्या लोकांना कळायला बराच वेळ लागला होता. रेड हॅट नावाची कंपनी तिकडं १९९३ साली निघाली. ते लिनक्स द्यायचे. लिनक्स म्हणजे फुकट, ज्याला पाहिजे त्यानं उतरवून घ्यावं, उघडून बघावं, बदलावं. मग यांनी विकलं काय? तर अडलं तर फोन कुणाला करायचा, तो माणूस विकला. मोठमोठ्या बँकांनी आणि कंपन्यांनी फुकटच्या वस्तूसाठी दरवर्षी पैसे मोजले, कारण रात्री दोनला यंत्र बंद पडलं तर फुकटचा गळा धरता येत नाही. २०१९ मध्ये आयबीएमनं ती कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली. हे मी भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, ते वेगळं आहे." वेगळं आहे हे मलाही मान्य. रेड हॅटच्या माणसाला फोन उचलावा लागतो. याच्या समोर माणूस स्वतः येऊन बसतो, सोबत नातू आणतो, आणि नातू माऊसची वायर ओढतो. तरी आयबीएमचा कुणी माणूस अजून पालमला आल्याचं ऐकिवात नाही.

आता केंद्रवाल्याच्या संगणकाकडं या. ज्या यंत्रावर बसून हा फुकटची वस्तू पन्नासाला विकतो, त्या यंत्रात विकतची वस्तू झाडून सगळी फुकट आहे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' ही विनवणी कायमची उमटलेली. तिला तो कंपनीचा शिक्का समजतो. कोरल ड्रॉ नांदेडहून पेनड्राईव्हवर आलेलं, फोटोशॉप कुणाच्या तरी मेव्हण्यानं दिलेलं. विनरार चाळीस दिवस वापरून बघा आणि मग पैसे भरा म्हणतं. त्या चाळीस दिवसांना किती दिवाळ्या लोटल्या देव जाणे, ते बिचारं रोज सकाळी आठवण करून देतं आणि हा रोज त्याला गप्प बसवतो. भाच्यानं सुचवलं, तू लिबर ऑफिस का वापरत नाहीस? खरोखर फुकट आहे, कायदेशीर आहे, मराठीतूनही आहे. तो म्हणाला, "बघितलं दादा टाकून. पण फुकटचं हाय. भरवसा वाटत न्हाई."

चोरलेल्या विकतच्या मालावर भरवसा आणि राजीखुशीनं दिलेल्या फुकटच्या मालाचा संशय. यात मला तरी विनोद दिसत नाही, बाजार दिसतो. किंमत छापलेली वस्तू चोरली तर काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. फुकटची वस्तू घेतली तर आपणच कुणाला तरी सापडल्यासारखं वाटतं.

मराठी टायपिंगचा धंदा असाच चालतो. युनिकोडात देवनागरी १९९१ पासून आहे. कुठल्याही मोबाईलवर फुकट लिहिता येतं, २०१७ पासून तर बोललं तरी लिहिलं जातं. आमच्याकडच्या बाया व्हॉट्सॲपवर बोलून बोलून दिवसाकाठी छोटी कादंबरी लिहितात. पण तहसीलदाराला अर्ज करायचा म्हटलं की हीच माणसं पानाला तीस रुपये देऊन टायपिंगवाल्याकडं जातात. तो जुन्या फॉन्टात टाईप करतो, आणि ती फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की 'महोदय'च्या जागी इंग्रजी अक्षरांचं कडबोळं उमटतं. मग ते दुरुस्त करायला परत त्याच्याकडं, परत तीस. हा माणूस मराठी भाषेचा आधारस्तंभ आहे. अर्जातली वाक्यंही तोच घालतो. 'वरील विषयी सविनय अर्ज करतो की' हे वाक्य परभणी जिल्ह्यात कुणाच्या आईनं कुणाला शिकवलेलं नाही, तरी ते सगळ्यांच्या अर्जात आहे.

पालमहून परतताना गाडीत दाजी गप्प होते. भाचा मात्र पेटला होता. त्याचं म्हणणं, हे अडाणीपण आहे. दाजी अडाणी नाहीत हे मला माहीत होतं. सोयाबीनचं बियाणं हा त्यांचा विषय. सोयाबीन हे स्वपरागी पीक. एकदा चांगलं बियाणं आणलं की त्याच्या पिकातलंच दाणं ठेवून पुढं दोन-तीन वर्षं पेरता येतं, दरवर्षी पिशवी घ्यायचं कारण नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं एमएयूएस ७१, १५८, ६१२ असे वाण काढून दिले, आणि कृषी खातं दरवर्षी उन्हाळ्यात घसा फोडून सांगतं, की ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा, आठवड्यानं उघडा, सत्तर किंवा वर उगवले तर घरचं बियाणं खुशाल पेरा. दाजी हे स्वतः करतात. गावातल्या दहा घरचं करून देतात. मोजायला बसले की मध्ये कुणी बोललेलं चालत नाही. आणि एवढं करून, पंच्याऐंशी दाणे उगवलेले बघून, गोणपाट झटकून ते गंगाखेडच्या दुकानातून पिशवी घेऊन येतात.

मी म्हटलं, "दाजी, घरचं पंच्याऐंशी टक्के उगवतंय, मग पिशवी कशाला?"

"सर, तुमी शिकलेले मानसं," ते म्हणाले. मेहुण्यालाही ते 'सर'च म्हणतात, सगळं गाव म्हणतं म्हणून. "पिशवी उगवली न्हाई तर कृषी अधिकारी हाय, पंचनामा हाय, गिराईक मंच हाय. घरचं उगवलं न्हाई तर तक्रार कुणाकडं करू? तुमच्या बहिणीकडं?"

माझी बहीण शेजारीच बसली होती. दाण्याची पेवं, डबे आणि कणग्या तिच्या ताब्यात असतात. तिच्याकडं तक्रार करून काय होतं हे मीही लहानपणापासून पाहत आलोय, त्यामुळं मी विषय वाढवला नाही. आणि दाजी हवेत बोलत नव्हते. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. ज्यांच्याजवळ पिशवीची पावती होती त्यांचा अर्ज तरी लिहून घेतला गेला. घरचं पेरून ज्यांचं उगवलं नाही, त्यांनी ते कुणाला सांगितलंही नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं जुने लोक म्हणत. पण नहीं बनी तर जाऊन भांडायला कुणीतरी लागतं, हे त्यात अध्याहृत आहे.

आमच्याकडं पैसे न देता जे चालतं ते हवामान. कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला निघतो, हवामान खात्याची ॲपं आहेत, शिवाय सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांचा अंदाज गावोगावच्या मोबाईलवर फिरतो. सगळं फुकट. त्यामुळं पाऊस चुकला तरी आम्ही कुणाला काही म्हणत नाही, अंदाजवाल्यांशी भांडत नाही, आपसात भांडतो.

रात्री भाचा अंथरुणावर पडला तो कानात काहीतरी घालून. बहिणीनं विचारलं, काय ऐकतोस रे? तो जरा लाजला. पुण्यात झोप लागत नाही म्हणून त्यानं एक ॲप घेतलं होतं. त्यात पावसाचा आवाज येतो. पत्र्यावरचा पाऊस वेगळा, जंगलातला वेगळा, लांब कुठंतरी गडगडणारा वेगळा. महिन्याला किती, असं मी विचारल्यावर त्यानं आकडा असा पुटपुटला की तो ऐकू येऊ नये, पण मी मास्तर होतो, शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या पैशात पालमला केवायसीची अख्खी रांग निपटली असती.

"पावसाचे पैसे?" दाजी उठून बसले. "दाखीव बरं."

भाच्यानं एक बोंडलं त्यांच्या कानात घातलं. दाजींनी डोळे मिटले. यावेळी कुणी सांगितलं नव्हतं तरी अगदी व्यवस्थित मिटले. बराच वेळ ऐकत राहिले. मला वाटलं, लागली झोप. पण त्यांच्या कपाळावर आठ्या पडायला लागल्या.

"किती वेळापासून पडायलाय ह्यो?"

"आप्पा, तो रात्रभर पडतो. थांबतच नाही."

दाजींनी बोंडलं काढून त्याच्या हातात दिलं.

"हा पेरणीचा न्हाई. काढणीतला पाऊस हाय ह्यो, सोयाबीनच्या सुड्या भिजवणारा. बंद कर आधी. आन् त्या ॲपवाल्याला म्हणावं बहात्तर तासाच्या आत कळवायचं असायचं, न्हाईतर विमा मिळायचा न्हाई."

भाचा म्हणाला, "तिथं कळवायला कुणी नाही, आप्पा. नुसतं ॲप आहे."

"पैसे देतोस आन् मानूस न्हाई?" दाजी कूस बदलत म्हणाले. "उद्या चल पालमला. तो पोरगा ह्ये बी करून देईल पन्नासात."

सकाळी भाच्यानं मला हळूच विचारलं, मामा, ते सबस्क्रिप्शन बंद कुठून करायचं असतं हो? तासभर शोधून सापडलं नव्हतं. मी त्याला केंद्रवाल्याचा नंबर दिला.